पंखे फिरतात, मशीन आपोआप बंद-चालू होतं, डिस्प्ले कधी येतो कधी नाही

घाटकोपरकर

घरातला डेस्कटॉप नीट सुरू होत नाहीये. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. काही सेकंदांनी सगळं बंद पडतं आणि बटणाला हात न लावता पुन्हा सुरू होतं. असं दोन-तीनदा झाल्यावर कधी डिस्प्ले येतो, कधी नुसतेच पंखे फिरत राहतात. डिस्प्ले आलाच तर तारीख-वेळ मागे गेलेली असते आणि विंडोज 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या निळ्या स्क्रीनवर जाऊन अडकतं.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन कांड्या (३२०० चा वेग), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). विंडोज ११ आहे ५०० जीबीच्या साटा एसएसडीवर, शिवाय डेटासाठी १ टीबीची हार्डडिस्क. मधे ६०० व्हीएचा यूपीएस. कॅबिनेट खिडकीजवळ टेबलाखाली असतं आणि पावसाळ्यात काही आठवडे बंदच होतं.

दुकानदाराने फोनवर ऐकूनच मदरबोर्ड गेला असं सांगितलं. बोर्ड बदलायच्या आधी घरी काय काय तपासता येईल?

चिपचिंतक

बोर्ड बदलायची घाई अजिबात करू नका. जो बोर्ड कधीतरी का होईना डिस्प्ले देतो, तो पूर्ण मेलेला नसतो. तुमच्या वर्णनात दोन वेगळे आजार आहेत आणि ते वेगवेगळेच तपासायला हवेत. डिस्प्ले येईपर्यंतचा भाग हा वीज, रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) यांचा. त्यात विंडोजचा काही संबंध नाही. डिस्प्ले आल्यानंतरचा भाग एसएसडी आणि विंडोजचा. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, कारण रॅम चुकीचं वाचत असताना विंडोजची दुरुस्ती चालवली तर चांगल्या फायलीही बिघडतात.

आता पहिला भाग. बंद-चालू होण्याची पद्धत नीट बघा, तिच्यातच बरंच उत्तर आहे. मशीन साधारण चार सेकंदांनी बंद पडून बंदच राहत असेल तर आधी कॅबिनेटचं पॉवर बटण तपासा. बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, आणि पावसाळ्यात धूळ-दमटपणाने बटण आत चिकटून बसलं तर बोर्डाला ते दाबलेलंच दिसतं. तुमचं मशीन आपोआप पुन्हा सुरू होतंय, हे वेगळं लक्षण आहे. एएम४ (तुमच्या रायझनच्या सॉकेटचा) बोर्ड सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो, म्हणजे कोणत्या वेगाने, किती व्होल्टेजवर बोलायचं ते ठरवतो. जमलं नाही की स्वतःच वीज तोडून पुन्हा प्रयत्न करतो. काही प्रयत्न फसले की वेग कमी करून बघतो. तुम्हाला दोन-तीन झटक्यांनंतर कधीकधी डिस्प्ले मिळतो तो बहुधा याचमुळे.

म्हणून माझा पहिला संशय रॅम आणि तिच्या खोबणीवर, दुसरा एसएमपीएसवर. तारीख मागे जातेय त्याअर्थी बायोसची बॅटरी संपली आहे. ती सीआर२०३२, ३ व्होल्टची. मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळते.

एक विचारतो: बोर्डाच्या कडेला, २४ पिनांच्या जोडणीजवळ, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं असलेले चार बारीक दिवे आहेत का? असले तर अडकतं तेव्हा त्यांतला कोणता पेटून राहतो ते बघून सांगा. नसतील तर चार पिनांचा छोटा स्पीकर बोर्डाला लावा, त्याच्या बीपवरून कळेल. बीपचे अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे बोर्डाच्या पुस्तिकेतच बघा.

आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे ना? ३६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या एचडीएमआयवर लावली तर कधीच काही दिसणार नाही.

वायरमन_गिरगाव

चिपचिंतक यांच्याशी सहमत, पण रॅमच्या आधी भिंतीतलं सॉकेट बघा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला काढून मशीन थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसची बॅटरी दमलेली असली की वीज क्षणभर हलली तरी मशीन बंद पडतं आणि संशय विनाकारण बोर्डावर जातो.

मग मल्टीमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तितकंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूपच कमी किंवा वर-खाली होणारं आलं तर अर्थिंग नाही किंवा सैल आहे. आपल्याकडे जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते.

याचा मशीनशी संबंध असा. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी असते, तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यांतून जाणारा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या जवळपास तरंगत राहतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशीनला मॉनिटर किंवा टीव्हीची केबल जोडताना तोच पोर्ट जाळू शकतो.

इंटरनेटवर सल्ला असतो की कॅबिनेट उघडताना प्लग लावून ठेवा, म्हणजे पत्रा अर्थला जोडलेला राहील आणि अंगातली स्थिर वीज उतरेल. तो सल्ला अर्थ पक्का असेल तरच खरा. आपल्याकडे खात्री नसते, म्हणून प्लग पूर्ण काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग उघडा. काम करताना मधून मधून पत्र्याला हात लावत राहा, म्हणजे तुम्ही आणि मशीन एकाच पातळीवर राहता.

घाटकोपरकर

दोघांचेही आभार. केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे. बोर्डावर चार दिवे आहेत. अडकतं तेव्हा डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहतो.

भिंतीच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ १.६. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र फेज-अर्थ ४० ते ९० च्या मधे हलतं. भिंतीवर थेट लावूनही बंद-चालू होणं तसंच आहे. बॅटरी २.१ व्होल्ट दाखवते.

वायरमन_गिरगाव

एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थ आतून तुटलेली आहे. तो बोर्ड वापरातून काढाच. नवीन घेताना तीनही तारांची जाडी १.५ चौरस मिमी आहे का बघा. स्वस्तातल्या बोर्डांत फेज-न्यूट्रलच्या तारा असतात आणि अर्थचं भोक नुसतं शोभेला असतं. भिंतीतली वीज ठीक आहे, त्यामुळे पुढचं काम चिपचिंतक यांचं.

चिपचिंतक

डीरॅमचा दिवा म्हटल्यावर दिशा स्पष्ट झाली. आता एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी निकाल कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्लग काढा. दोन्ही कांड्या काढा. खोबण्या चार असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसरी आणि चौथी या दोन कांड्यांसाठीच्या. एकच कांडी लावायची तर बहुतेक बोर्डांवर दुसरीत. पहिली कांडी दुसऱ्या खोबणीत नीट 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. ज्या बोर्डाला एकाच बाजूला कुलूप असतं, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहून फसवतं, ते डोळ्यांनी बघा. सुरू करा. मग तीच कांडी चौथ्या खोबणीत. मग दुसरी कांडी दोन्ही खोबण्यांत. चार निकाल मिळतील. एक कांडी दोन्हीकडे नापास झाली तर दोष कांडीचा. दोन्ही कांड्या एकाच खोबणीत नापास झाल्या तर दोष खोबणीचा किंवा प्रोसेसरच्या पिनांचा. निकाल दर वेळी वेगळा आला तर संपर्क खराब आहे किंवा वीज.

हे करायच्या आधी बायोस मूळ स्थितीत आणा: प्लग काढून जुनी बॅटरीही काढा, मग 'क्लियर सीमॉस' लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा आणि नवी बॅटरी घाला. त्याने रॅमचा ३२०० चा एक्सएमपी (कंपनीने ठरवून दिलेला वाढीव) वेग जाऊन ती साध्या वेगावर येईल. चाचणी त्याच वेगावर व्हायला हवी.

सायली_डेटा

थांबा, बायोस पुसण्याआधी एक महत्त्वाचं. विंडोज ११ वर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं असेल तर मोबाईलवरून त्याच खात्याच्या पानावर 'डिव्हाइस'खाली ती मिळते. बऱ्याच जुन्या बी४५० बायोसमध्ये फर्मवेअर टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग) मुळात बंद असतं. बायोस पुसला की ते पुन्हा बंद होतं, मग विंडोज की मागतं, किंवा डिस्क कुलूपबंद नसली तरी चार आकडी पिन चालत नाही आणि खात्याचा पासवर्ड मागतं. तो बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो.

पुसण्याआधी एकदा जरी डिस्प्ले आला तर बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलने फोटो काढा. विशेषतः साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत एएचसीआय आहे की रेड, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट) चालू की बंद, सिक्युअर बूट, टीपीएम आणि बूटचा क्रम. साटाची पद्धत बदलली तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबतं आणि लोकांना वाटतं एसएसडी गेली. जीपीटी पद्धतीने (डिस्कच्या विभागणीची नवी रीत) बसवलेलं विंडोज युईएफआयने, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसने, सुरू होतं. बायोसने जुन्या पद्धतीला प्राधान्य दिलं तर एसएसडी दिसूनही बूट होत नाही.

बोरिवलीकर

रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने घासून घ्या. पावसाळ्यात निम्मी मशीनं तेवढ्यानेच सुरू होतात.

चिपचिंतक

बोरिवलीकर, खोडरबराने काम होतं हे खरं, पण मी ते शेवटी ठेवतो. पट्टीवरचा सोन्याचा थर मायक्रॉनच्या हिशोबात असतो, घासून घासून खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ते सोन्यापेक्षा कितीतरी लवकर काळं पडतं. वरून रबराचा भुगा खोबणीत गेला तर नवा त्रास. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे लहान बाटली मिळते. चष्मा पुसायच्या फडक्यावर थोडं घेऊन पट्ट्या एकाच दिशेने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं.

खोबणीत काहीही खुपसू नका. मऊ ब्रश कोरडा फिरवा, मग काँटॅक्ट क्लीनरचा हलका फवारा आणि कांडी आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. त्या हालचालीनेच स्प्रिंगवरचा थर खरवडला जातो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. गरम हवेचा ड्रायरही नको.

दमट हवेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे दरवर्षी होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. नुसत्या दमटपणाने बोर्ड बिघडत नाही. बिघडतो तो धूळ आणि मीठ यांच्या थराने. तो थर हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि शेजारशेजारच्या पिनांमध्ये बारीक गळती सुरू होते. रॅमच्या सिग्नलना एवढं पुरतं. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, म्हणून रोज वापरात असलेलं मशीन टिकतं आणि आठवडे बंद राहिलेलं अडतं.

एसीच्या खोलीत आणखी एक होतं. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. २२ अंशांवर थंड झालेलं कॅबिनेट असताना एसी बंद करून खिडकी उघडली की थंड बाटलीला सुटतं तसं आतल्या धातूवर पाणी सुटतं. लगेच बटण दाबायचं नाही, अर्धा-एक तास जाऊ द्यायचा.

बोरिवलीकर

अल्कोहोलचं पटलं. पण रविवारी संध्याकाळी बाटली कुठून आणणार? अशा वेळी मऊ खोडरबर एकदा, हलक्या हाताने, कांडी खोबणीपासून लांब नेऊन आणि नंतर भुगा झटकून, याला माझी तरी हरकत नाही. निळ्या टोकाचं, शाई खोडायचं रबर मात्र कधीच नाही, त्यात खरवडणारी बारीक पूड असते.

चिपचिंतक

एवढ्या अटींसह मान्य.

वायरमन_गिरगाव

रॅमच्या चाचण्यांचे निकाल दर वेळी वेगळे आले तर एसएमपीएस मोजायची रीत देऊन ठेवतो.

प्लग काढा, २४ पिनांची जोडणी बोर्डातून काढा. हिरवी तार आणि तिच्या शेजारची काळी यांत पेपरक्लिप घाला, मग प्लग लावून स्विच चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा होतोय. हल्ली सगळ्याच तारा काळ्या असतात. तेव्हा कुलपाच्या बाजूची ओळ बघा. तिच्यात एक जागा रिकामी असते. रिकाम्या जागेपासून ओळीच्या लांब टोकाकडे तीन पिना सोडून चौथी ती हिरवी, आणि सोडलेल्या तिन्ही काळ्या. काही नव्या एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, म्हणून नुसत्या पंख्यावर निष्कर्ष काढू नका.

खरी परीक्षा भार असतानाच. जोडणी बोर्डात लावून, मशीन चालू असताना, मल्टीमीटर डीसीवर घेऊन टोक जोडणीच्या मागून तारेच्या कडेने आत सरकवा. पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५, नारिंगी-काळी ३.१४ ते ३.४७. जांभळी म्हणजे स्टँडबाय ५ व्होल्ट, ती मशीन बंद असतानाही हवी. राखाडी तार 'पॉवर गुड'ची, सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्टला गेली पाहिजे. ती येते-जाते करत असेल तर बोर्ड रीसेट होत राहतो आणि लक्षणं हुबेहूब रॅमसारखीच दिसतात. टोक घसरून दोन पिना जोडल्या जाणार नाहीत याची फार काळजी घ्या.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ राहू शकतं. बाहेरून जाळीतून टॉर्च मारून बघा. पाल किंवा झुरळ आत मेलेलं दिसलं तर एसएमपीएस बदलायचाच.

प्रोसेसरची ८ पिनांची आणि ग्राफिक्सची ८ पिनांची जोडणी दिसायला सारखी असली तरी त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. जात नसेल तर जोर लावू नका.

घाटकोपरकर

बायोसच्या पानांचे फोटो काढले, रिकव्हरी की उतरवून घेतली, बॅटरी नवी घातली, बायोस पुसला.

स्वच्छ करण्याआधी: पहिली कांडी दुसऱ्या खोबणीत एकदा चालली, एकदा नाही. चौथ्या खोबणीत दोन्ही कांड्या चालल्या. दुसऱ्या खोबणीत दुसरी कांडी चाललीच नाही. अल्कोहोल आणि काँटॅक्ट क्लीनरने साफ केल्यावर दोन्ही कांड्या दोन्ही खोबण्यांत पहिल्याच फटक्यात. डीरॅमचा दिवा क्षणभर लागून विझतो. व्होल्टेजही मोजलं: १२.०८, ५.०३, ३.३१. पॉवर गुड स्थिर.

विंडोज मात्र अजून रिपेअरच्याच स्क्रीनवर जातंय.

चिपचिंतक

म्हणजे दुसऱ्या खोबणीचा संपर्क. बोर्ड वाचला. पण डिस्प्ले आला याचा अर्थ रॅम निर्दोष असा नाही. दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) तयार करा आणि दोन्ही कांड्या लावून रात्रभर, निदान चार फेऱ्या चालवा. एकही चूक चालत नाही. चूक दिसली तर एकेका कांडीवर वेगळी फेरी. ही चाचणी होईपर्यंत विंडोज दुरुस्त करू नका.

सायली_डेटा

मेमटेस्ट निर्दोष आली असं धरून पुढचं लिहिते.

आधी डिस्कची तब्येत, मग डेटा बाहेर, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नका. चेकडिस्क (chkdsk, विंडोजची डिस्क तपासायची कमांड) ही डिस्क वाचवणारी गोष्ट नाही. ती फायलींची नोंद जुळवते आणि जे जुळत नाही ते कापून टाकते. मरायला टेकलेल्या डिस्कवर चालवली तर उरलेलंही जातं.

लिनक्सच्या लाइव्ह (न बसवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीचे, आकडे बघा. हार्डडिस्कसाठी ०५, सी५ आणि सी६ (तिथे ५, १९७ आणि १९८ असे दिसतात) या तीन ओळी. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. सी५ किंवा सी६ मध्ये शून्याखेरीज काही असलं तर तिच्यावर काहीही लिहू नका, आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत काढा. सी७ (१९९) ही ओळ वेगळी, ती केबलमधल्या चुका मोजते. तो आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे आज किती आणि उद्या वाढला का एवढंच बघायचं. वाढत असेल तर साटा केबल बदला, डिस्क नाही. एसएसडीमध्ये उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवणारी ओळ असते, तिचं नाव कंपनीप्रमाणे बदलतं.

एसएसडी नीट असेल तर महत्त्वाच्या फायली त्याच लिनक्समधून बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर असेल तर इथे की लागेल. विंडोज 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धवट झोपलेल्या स्थितीत असू शकतं, म्हणून ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी उघडा.

मग दुसऱ्या मशीनवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ चं इन्स्टॉलेशन मीडिया बनवा, त्यावरून सुरू करा, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' आणि तिथून कमांड प्रॉम्प्ट. पहिली गोष्ट, ड्राइव्हची अक्षरं. इथे विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नाही, बऱ्याचदा डी किंवा ई असतो. डिस्कपार्ट (डिस्कचे भाग दाखवणारी कमांड) उघडून 'लिस्ट व्हॉल्यूम' द्या आणि आकारावरून ओळखा. खालचं सगळं त्या अक्षरावर.

चेकडिस्क, अक्षर, कोलन आणि स्लॅश एफ. एसएसडीवर स्लॅश आर लावू नका, त्याने प्रत्येक सेक्टर वाचला जातो, तास जातात आणि फायदा काही नाही. मग एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फायलींची तपासणी. चालू विंडोजवर नसल्यामुळे 'ऑफबूटडिर' आणि 'ऑफविनडिर' हे दोन्ही त्या अक्षराचे द्यावे लागतात, नाहीतर तुमच्या डिस्कवरचं विंडोज तपासलंच जात नाही.

एवढं करूनही बूट झालं नाही तर बूटच्या फायली नव्याने लिहा. सुमारे १०० एमबीचं फॅट३२ व्हॉल्यूम यादीत दिसेल, ते ईएफआयचं. त्याला डिस्कपार्टमधून एस हे अक्षर द्या, मग बीसीडीबूटला विंडोज फोल्डरचा मार्ग, स्लॅश एस एस कोलन आणि स्लॅश एफ युईएफआय. जुन्या लेखांत बूटरेक फिक्सबूट सांगितलेलं असतं, युईएफआय मशीनवर ते बऱ्याचदा 'ॲक्सेस इज डिनाइड' देतं. त्यात वेळ घालवू नका.

लॅमिंग्टन_वारी

हे सगळं करूनही दुकानात न्यायची वेळ आली तर थोडं. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बहुतेक दुकानं रविवारी बंद. केबल, बॅटरी, क्लीनर यासाठी तिथपर्यंत जायची गरज नाही, पण एसएमपीएस किंवा रॅम तपासून घ्यायची तर तिथे दुसऱ्या मशीनवर लावून दाखवतात.

कॅबिनेट नेण्याआधी एसएसडी आणि हार्डडिस्क काढून घरी ठेवा. डिस्प्ले येत नाही हा दोष शोधायला त्या लागत नाहीत. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्या, नाहीतर टॅक्सीच्या एका खड्ड्यात स्लॉट तुटतो. रॅम, कार्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर फोटो काढून ठेवा. पावतीवर 'नो डिस्प्ले' एवढंच लिहिलं तर समाधान मानू नका, डीरॅमचा दिवा लागतो, एका खोबणीत असं होतं, हे स्वतः लिहून द्या. रॅमवर बऱ्याच कंपन्यांची दहा वर्षांची किंवा आजन्म वॉरंटी असते. बिल सापडलं नाही तरी स्टिकर फाडू नका, सीरियल नंबरवरून विचारता येतं.

आणि प्रोसेसर स्वतः काढून बघू नका. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात. जुनी पेस्ट सुकलेली असली की कूलर ओढताना कुलूप लावलेलं असूनही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. काढायचाच असेल तर मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा.

घाटकोपरकर

मेमटेस्ट चार फेऱ्या, चुका शून्य. हार्डडिस्कचे ०५, सी५, सी६ शून्य. एसएसडीचं आयुष्य ८७ टक्के, पण सी७ चा आकडा १९४ आणि लिनक्समधून फायली उतरवताना तो २०१ झाला. साटा केबल बदलली, त्यानंतर वाढलेला नाही. फायली बाहेर घेतल्या. चेकडिस्कने बऱ्याच नोंदी दुरुस्त केल्या, एसएफसीने काही फायली बदलल्या. बीसीडीबूटची गरज पडली नाही, विंडोज सुरू झालं. सायलीताईंनी सांगितलं तसंच पिन चालला नाही. बायोसमध्ये फर्मवेअर टीपीएम चालू केल्यावर पिन नव्याने बनवता आला.

एक्सएमपीने ३२०० चा वेग परत लावला तर सुरू होताना पुन्हा एक झटका येतो, दुसऱ्यांदा सुरळीत. साध्या वेगावर येत नाही. वेग तसाच ठेवू का?

चिपचिंतक

नका ठेवू. एका झटक्यानंतर चालणं म्हणजे जुळणी काठावर आहे, आणि अशाच मशीनवर फायली हळूहळू बिघडतात. आधी बोर्डाच्या साइटवरून बायोसची नवी आवृत्ती बघा, रायझनच्या रॅम-जुळणीत आवृत्तीगणिक सुधारणा झाल्या आहेत. अपडेट मात्र यूपीएसची बॅटरी चांगली असतानाच करा. सायलीताईंची की जवळ ठेवा, टीपीएमबद्दल पुन्हा विचारलं जाईल.

तरी झटका राहिला तर एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेग ३००० करा. टायमिंग आणि १.३५ व्होल्ट तसेच राहू द्या. त्यावर मेमटेस्टची पुन्हा एक रात्र. ३००० वर शून्य चुका आणि झटका नाही, तर तोच वेग कायम ठेवा. वापरताना फरक जाणवणार नाही. ३००० वरही झटका आला तर दुसऱ्या खोबणीचा संपर्क अजून पूर्ण सुटलेला नाही असं समजा आणि काँटॅक्ट क्लीनरची फेरी पुन्हा करा.

वायरमन_गिरगाव

नवा एक्स्टेन्शन बोर्ड आणलात की त्यावरही फेज-अर्थ मोजा, मगच मशीन लावा. आणि यूपीएसची बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची असेल तर ती रात्रभर चार्ज करून, मशीनऐवजी ६० वॉटचा साधा बल्ब लावून बघा. काही मिनिटांतच बंद पडली तर बदला. बायोस अपडेट त्यानंतर.